धुऱ्यावरच्या निलगिरीतून 20 बाय 40 चं शेड: चिराईपासून टिनापर्यंत

नागपूर भागात वावरातलं टिनाचं शेड वजनाने क्वचितच पडतं. ते वर उचललं जातं. मे महिन्यातलं एक वादळ येतं, टिन शेजारच्या वावरात जाऊन पडतं आणि खांब मात्र जागच्या जागी उभे राहतात. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. खाली दिलेल्या मापात एका खांबाच्या वाट्याला जवळपास 88 चौरस फूट छप्पर येतं. अशा वाऱ्यात तेवढं छप्पर साधारण एक टन जोराने वर ओढलं जातं. म्हणून पत्रा रिपेला (पत्र्याखालची आडवी पट्टी), रीप कैचीला (छपराचा तिकोनी सांगाडा), कैची खांबाला आणि खांब काँक्रीटला धरून राहिला पाहिजे. यातला एक सांधा नुसत्या खिळ्यावर सोडला, तर बाकीचे बोल्ट लावून उपयोग नाही.

माप असं धरलं आहे: रुंदी 20 फूट, लांबी 40 फूट, 8-8 फुटांचे पाच खण, सहा कैच्या, बारा खांब. खांब 10 फुटी, आढं त्याच्या 4 फूट वर. वळचण एक फूट बाहेर काढली की उतारावरची लांबी 11 फूट 10 इंच होते आणि 12 फुटी पत्रा एका तुकड्यात बसतो. उतारावर पत्र्याला जोडच येत नाही, आणि गळती बहुतेक वेळा त्या जोडातूनच सुरू होते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पश्चिमेचा पाखा बंद करा. दुपारचं ऊन आणि पावसाळी वारा, दोन्हींचा मारा त्या बाजूने असतो.

किती झाडं लागतील

चिरलेलं लाकूड सुमारे 125 घनफूट लागतं: खांब 30, कैच्या 39, रिपा 26, खांबांवरच्या लांब तुळया साडेदहा, बाकी टेकू आणि तिरप्या पट्ट्या. तडे, वाक, गाठी यांत थोडं जाणारच, म्हणून 145 धरा. उभ्या झाडाचा अंदाज व्यापाऱ्यांच्या हिशेबाने काढा: मधली गोलाई इंचात, तिचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटांत, भागिले 144. गोलाई 36 इंच आणि कामाचा बुंधा 21 फूट असेल तर 9 गुणिले 9 गुणिले 21 भागिले 144, म्हणजे जवळपास 12 घनफूट. यातलं 60 टक्के चिरून हाती येतं. म्हणजे अशी वीसेक झाडं लागतील.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, सरळ आणि लांब मिळते ती निलगिरी, म्हणून कैच्या, रिपा, खांब तिचेच. बाभूळ असेल तर टेकूंना वापरा. ती चिवट असते, पण 10 फूट सरळ क्वचितच सापडते. सुबाभूळ छपरात घालू नका, तिला भुंगा फार लवकर लागतो. सागवान असेल तर प्रश्नच नाही, पण सागवान, मोह, आंबा, चिंच, खैर, बिजा, ऐन ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या वावरातली असली तरी लेखी परवानगीशिवाय त्यांना कुऱ्हाड लावायची नाही. झाड कोणतंही असो, सातबारा घेऊन आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, आणि ओंडके आरामशीनवर न्यायचे असतील तर वाहतुकीचं तिथेच विचारून घ्या. महानगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा वेगळा कायदा लागतो.

कधी चिरायचं

दसरा-दिवाळीच्या सुमारास तोड, जानेवारीअखेर चिराई पूर्ण, मार्च-एप्रिलमध्ये खड्डे, मेमध्ये उभारणी, आणि मृग लागायच्या आत टिन. हा क्रम बदलू नका. मार्चनंतर चिरलेल्या निलगिरीला आपलं ऊन सोसत नाही. वरचा थर सुकून आकसतो, आत ओल तशीच राहते, आणि फळी टोकापासून फाटत जाते. चार महिने सावलीत सुकलेलं 2 इंची लाकूड पूर्ण वाळत नाही, पण कैची बांधण्याइतकं स्थिर होतं. 6 इंची खांब ओलाच उभा करायचा, ते गृहीतच आहे.

झाड पडल्यावर ओंडक्याची दोन्ही टोकं त्याच दिवशी डांबराने किंवा घट्ट ऑइल पेंटने बंद करा. दुसऱ्या दिवशी लावलेला रंग म्हणजे पडलेल्या तड्यांवरचा रंग.

चिराई

70 सीसीच्या आसपासची चेनसॉ, 24 इंची बार आणि बारला बसणारी चिराईची चौकट एवढं पुरतं. चेन मात्र उभ्या चिराईची हवी, दात 10 अंशांत घासलेली. आडव्या कापणीची चेन लावली तर मशीन तापते, फळीवर लाटा उमटतात. साल आणि तिला चिकटलेली माती आधी काढा, कारण काळ्या मातीतली बारीक रेती दोन कापांत दात बोथट करते. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून घासा. चांगल्या धारेचा भुसा लांबट, तुसासारखा पडतो.

धुऱ्यावरच्या झाडात तार-कुंपणाचे खिळे असतातच. बाभळीत ते आधी दिसतात: ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग पसरलेला असेल, तर आत कुठेतरी लोखंड आहे. लाकडातल्या टॅनिनशी लोखंड मिळालं की तो रंग येतो. तेवढा तुकडा सोडून द्या. याच कारणाने बोल्ट जस्ताचा मुलामा असलेलेच घ्या.

निलगिरीच्या आत ताण भरलेला असतो, आणि पहिलीच फळी तो दाखवते. बार टोकाकडे पोचण्याआधी कापाची फट उघडू लागते, ‘कट्ट’ असा आवाज येतो, आणि फळीचं टोक ओंडक्यापासून अर्धा इंच बाहेर झुकतं. एकाच बाजूने फळ्या काढत गेलात तर उरलेला ओंडका केळ्यासारखा वाकतो. म्हणून एक काप या बाजूने, दुसरा बरोबर समोरच्या बाजूने, मग ओंडका पाव वळसा फिरवून पुन्हा तसंच. खांबासाठी गाभा अगदी मध्यात राहिला पाहिजे. 6 बाय 6 चा खांब निघायला बारीक टोकाचा व्यास सालीशिवाय साडेआठ इंच, म्हणजे गोलाई 27 इंच लागते. त्याहून बारीक ओंडक्यातून खांब काढायला गेलात तर कोपऱ्यांवर पांढरा कच्चा भाग आणि साल राहते, आणि उधई, म्हणजे वाळवी, तिथूनच शिरते.

चेनसॉचा एक काप तीन सूत (आठ सुतांचा एक इंच) लाकूड खातो. खांब आणि 6 बाय 2 च्या फळ्यांना ते चालतं. 4 बाय 2 च्या रिपा मात्र आरामशीनवर काढून आणलेल्या बऱ्या. पट्टा-आऱ्याचा काप सूतभराचा असतो, आणि दहा ओळी रिपांत तो फरक खूप होतो.

चेनसॉ चालवताना जाड पँट, बूट, चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच. एकट्याने चिरू नका.

औषध आणि थप्पी

फळी ओली आहे तोवरच बोरॅक्स आत शिरतो. 90 लिटर गरम पाण्यात 6 किलो बोरॅक्स आणि 4 किलो बोरिक ॲसिड विरघळवा. फळ्या बुडवून काढा, एकावर एक अशाच रचून ताडपत्रीत गच्च गुंडाळा आणि तीन आठवडे ठेवा. हा काळ सुकण्याचा नाही, औषध मुरण्याचा आहे. पांढऱ्या भागाला भुंग्यापासून यानेच वाचवता येतं. पावसात ते धुऊन जातं, त्यामुळे छपराखालच्या लाकडालाच याचा उपयोग.

मग थप्पी. खाली फूटभर उंच, एका पातळीतले विटांचे ओटे. प्रत्येक थरात दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळीला तिथेच पीळ पडतो. माथ्यावर दगड ठेवा. फेब्रुवारीपासून पश्चिमेच्या बाजूला बारदान बांधा, म्हणजे झळा थेट लागणार नाहीत. एक फुटभर तुकडा काट्यावर दर आठवड्याला तोला, वजन घटायचं मंदावलं की लाकूड तयार होत आलं.

काळ्या मातीतला पाया

खांब जमिनीत गाडायचा नाही. भारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि उधई तर वर्षभर असते. खांब काँक्रीटच्या वर, लोखंडी बुटात उभा करा.

आखणीत 20 आणि 40 च्या चौकोनाचा कर्ण 44 फूट 8 इंच 5 सूत यायला हवा. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत दोरी हलवत राहा. खड्डा 2 बाय 2 फूट, खोली 4 फूट. मुरूम लागला नाही तर आणखी खाली जा. 4 फुटी खड्ड्यात 16 घनफूट काँक्रीट बसतं, त्याचं वजन एक टनाच्या वर, आणि वाऱ्याची ओढही तेवढीच. इथे खोली कमी करून पोती वाचवू नका. 1:2:4 प्रमाणात बारा खड्ड्यांना सुमारे 34 पोती सिमेंट लागतं. माथा जमिनीपासून 9 इंच वर ठेवा.

बूट म्हणजे 50 बाय 8 मिमीच्या दोन पट्ट्या, मध्ये बैठकीची प्लेट. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत पट्टी मिळते, वेल्डिंग कुठेही होतं. पट्ट्या काँक्रीटमध्ये 2 फूट जाव्यात, खालच्या टोकांना 12 मिमीची आडवी सळई वेल्ड केलेली असावी, आणि बैठक काँक्रीटपासून इंचभर वर राहावी. त्या इंचातून वारा खेळतो आणि उधईचा मातीचा पोपडा चढताना दिसतो. प्रत्येक खांबाला 16 मिमीचे दोन बोल्ट, खालचा बोल्ट लाकडाच्या टोकापासून साडेचार इंचांवर. त्याहून जवळ घेतला तर ओढ येताच लाकूड चिरतं.

एप्रिलमध्ये काँक्रीटचा माथा तासाभरात कोरडा पडतो. ओलं बारदान टाकून दहा दिवस पाणी द्या. खांबाभोवती उपसलेली काळी माती परत भरू नका, मुरूम भरून धुमसा आणि उतार बाहेर काढा. क्लोरपायरीफॉस 20 ईसी एक लिटर आणि पाणी 19 लिटर या प्रमाणात भोवतालच्या मुरुमाला द्या, हातमोजे घालून, विहिरीपासून लांब.

कैच्या

सगळी लाकडं 2 इंच जाडीची, म्हणून सांधे सोपे होतात. वासे 6 बाय 2 चे. खालची तुळई 6 बाय 2 च्या दोन फळ्यांची, वाशाच्या दोन्ही बाजूंनी. तिन्ही मिळून 6 इंच, म्हणजे खांबाएवढीच रुंदी. कैचीतला मधला उभा खांब 6 बाय 2, त्याच्या पायथ्यापासून वाशाच्या मध्यापर्यंत 4 बाय 2 चे दोन टेकू. टाचेला, म्हणजे वासा आणि तुळई मिळतात तिथे, 16 मिमीचे दोन बोल्ट. आढ्याला आणि टेकूंना दोन्ही बाजूंनी 4 मिमीच्या प्लेटा, 12 मिमी बोल्ट. वॉशर 2 इंची चौकोनी घ्या, लहान वॉशर लाकडात रुततो. भोकं ड्रिलनेच पाडा.

21 फुटांची अखंड फळी मिळाली नाही तर जोड द्या, पण दोन फळ्यांचे जोड एकमेकांपासून किमान 4 फूट लांब, आणि प्रत्येकावर 3 फुटी पट्टी.

पहिली कैची सपाट जमिनीवर बांधा, तुळईचा मध्य एक इंच वर उचलून. तीच साचा. बाकी पाच तिच्यावरच रचून बांधा, टेपने वेगळी मापं घेऊ नका, सुतासुताचा फरक आढ्यावर इंचाचा होतो.

खांबांवर 6 बाय 3 ची लांब तुळई, तिच्यावर कैची. खांब आणि कैची यांना दोन्ही बाजूंनी 50 बाय 6 मिमीची 2 फुटी पट्टी, खाली दोन आणि वर दोन 16 मिमीचे बोल्ट. बूट खांबाला उभा धरतो, पण झुकण्यापासून वाचवत नाही. त्यामुळे प्रत्येक खांबाला 4 बाय 3 चे, 45 अंशांतले टेकू दोन्ही दिशांना हवेत. दोन टोकांच्या खणांत फुलीसारख्या तिरप्या पट्ट्याही लावा. कैच्या चढवताना तात्पुरते टेकू याआधीच ठोकलेले असू द्या. मेमध्ये उंचावरचं काम पहाटे सहा ते दहा.

रिपा आणि टिन

प्रत्येक उताराला पाच रिपा, 4 इंचांची बाजू उभी, अंतर साधारण 2 फूट 10 इंच. जोड फक्त कैचीवर, एक फूट शेजारी-शेजारी, आणि लगतच्या ओळींचे जोड वेगवेगळ्या कैच्यांवर. रीप वाशाला लोखंडी कोनाने आणि बोल्टने बांधा. प्रत्येक सांध्यावर वादळात सुमारे 280 किलोची ओढ येते, आणि ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड सुकलं की ढिला होतो.

पत्रा 0.5 मिमीचा, एक मीटर झाकणारा. लांबीच्या दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरून 42 फुटांना एका बाजूला 13, एकूण 26. पूर्वेकडून सुरुवात करा, म्हणजे पश्चिमेचा वारा जोडात शिरत नाही. लाकडासाठीचे, रबरी वॉशरचे स्क्रू उंचवट्यावर मारा. वळचणीच्या आणि आढ्याच्या रिपेवर प्रत्येक उंचवट्याला, मधल्या रिपांवर एकाआड एक. कडेची पकड सुटली की वारा पत्रा सोलून काढतो. वॉशर नुसता दबला पाहिजे. तो बाहेर फुगला तर दोन उन्हाळ्यांत फाटून गळतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर दिवाळीत पाना घेऊन सगळे बोल्ट फिरवा, आणि पुढच्या मेअखेर पुन्हा. 6 इंची खांब तोवर दोन-तीन सूत आकसलेला असतो आणि बोल्ट तीन-चार फेरे सहज घेतो. खांबाच्या बुटाचे आणि कैचीच्या टाचेचे बोल्ट आधी.