दिवाळीनंतर कुंड्यांची कामं काढताय? ठाण्याच्या गॅलरीत या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सोसायटीत खुरपी आणि कात्र्या बाहेर निघतात. उत्साह चांगलाच, पण याच पंधरवड्यात धडधाकट झाडं हातची जातात. पुण्या-नाशकाचं वेळापत्रक आपण इथे लावतो ना, म्हणून. तिकडे नोव्हेंबरात स्वेटर निघतात. ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला मात्र दुपारी पंखा चालूच असतो, पहाटे कुठे पायावर चादर ओढावीशी वाटते.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. ऑक्टोबरच्या उकाड्यात कुंड्यांना दोन वेळा पाणी लागायचं, हाताला तीच सवय राहते. गेल्या वर्षी समोरच्या काकूंची शेवंती खालून पिवळी पडत चालली होती. "अगं, रोज न चुकता पाणी घालते मी!" त्या कळवळून म्हणाल्या. कुंडी आडवी करून माती काढली, तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत, वर कुजकट वास. तळाचं भोक पावसाळ्यात मातीने पार बुजलं होतं. आधी ते भोक काडीने मोकळं करा. मग बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

याच्या उलटही होतं. नर्सरीतून आणलेल्या झेंडू-पिटुनियाच्या मुळांशी बऱ्याचदा लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा वाळला की पाणी कडेने वाहून जातं आणि आतली मुळं तहानलेलीच राहतात. पाणी घालूनही रोप मान टाकत असेल तर पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. कुंडीत लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या सैल करा, फोडू मात्र नका.

कुंड्यांची जागा न बदलणं हीसुद्धा चूकच. मे-जूनमध्ये उत्तरेच्या गॅलरीत येणारं ऊन आता येत नाही, कारण सूर्य दक्षिणेला कललाय. डिसेंबरअखेर भर दुपारीही तो इथे क्षितिजापासून 47 अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन तिरपं होऊन थेट घरातल्या फरशीवर येतं. फुलझाडं आणि भाजीच्या कुंड्या तिकडे न्या. उत्तरेला मनीप्लांट, फर्न असली सावलीतली झाडं ठेवा.

उजेडाची आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. आपण आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतो आणि त्याचा दिवा नेमका तिच्या डोक्यावर रात्रभर जळतो. मग पानं हिरवीगार, पण कळ्या रेंगाळलेल्या. खताला दोष देण्याआधी झोपताना दिवा बंद करून बघा. पॉइन्सेटियाची पानं लाल होत नसतील तर तिथेही हेच करा.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार दरवर्षीची. डब्यातले अख्खे धणे तसेच पेरले जातात, हे त्याचं कारण. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर धणे पसरून लाटणं हलक्या हाताने फिरवा, दोन फाका झाल्या की पुरे, भुगा नको. रात्रभर भिजवा आणि अर्धा इंच खोल पेरा. मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस सहज लागतात. तेवढ्यात माती उकरून बघू नका! दोन्ही एकदम पेरून टाकण्यापेक्षा पंधरा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरली तर जानेवारीपर्यंत ताजी जुडी मिळत राहते.

पाऊस संपला की धूळ सुरू होते. घोडबंदर रोडला किंवा बांधकामाजवळ राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा सकाळी पानं धुवावीत. पानांमागे मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

राहिली छाटणी. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात राहून गेली असेल तर आता उरकून घ्या, साधारण दीड महिन्यात फुलं येतील. पण तीच कात्री त्याच दिवशी मोगऱ्याला लावू नका. त्याला डिसेंबरअखेर आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, मग पानं काढून फांद्या छाटायच्या, शेणखत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. उन्हं तापायला लागली की तो भरभरून फुलतो. डिसेंबरअखेरपर्यंत मात्र त्याला हात लावू नका.