डोंगरात जागा घेतलीय? केबिन बांधण्याआधी या चुका टाळा

सातपुड्याच्या पायथ्याला जागा घेतली की लोकांना आधी केबिन दिसते. ओटा कुठे, झोपाळा कुठे, हे दिवाळीत ठरतं आणि होळीपर्यंत बांधकाम उरकायचं असतं. ही घाई नको. एक पूर्ण पावसाळा आणि एक मे महिना ती जागा नुसती बघा. मी प्रत्येकाला हेच सांगतो, पण बहुतेकांना धीर नसतो.

सगळ्यात महागात पडते ती नाल्याकाठची सपाटी. उतारावर सपाट तुकडा, वर करंज-जांभळाची सावली, माणूस भुलतोच. पण डोंगरात ती सपाटी केली कुणी? पाण्यानेच. चोपड्याकडच्या ओळखीच्या एका भाऊंनी अशाच जागी पाया खणायला घेतला. खड्ड्यातून गुळगुळीत गोटे निघाले. भरावाला दगड फुकट मिळाला म्हणून गवंडी खूश. मी म्हणालो, "भाऊ, हे गोटे पाण्याने घासलेत. नाला इथून वाहिलाय." गुरं चारणारे एक पावरा आदिवासी बाबा तर म्हणाले, "आषाढात आम्ही इथं बकरीबी बांधत नाही." कुणाचंच ऐकलं नाही. पुढच्या आषाढात खाली थेंब नव्हता, पण वर डोंगरात पाऊस कोसळला आणि रात्रीत नाला आला. सकाळी जोतं तेवढं जागेवर होतं. प्लायच्या भिंती खाली बाभळींत अडकल्या होत्या. त्या रात्री कुणी मुक्कामाला नव्हतं म्हणून जीव वाचले.

मी जागा बघताना झुडपांच्या फांद्यांत अडकलेला जुना पाचोळा शोधतो. पाणी कुठवर चढलं ते त्यावरून कळतं. जोतं त्याच्या बरंच वर आणि नाल्यापासून लांब.

दुसरी चूक कागदांची. स्टॅम्पपेपरवर वनपट्टा, म्हणजे आदिवासींना कसायला मिळालेली वनजमीन, 'विकत' घेणारे अजून भेटतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाकडे जातो, तो विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे परवानगी लागते. हा कायदा हवाच. त्यातून पळवाट सांगणाऱ्या दलालाला मी दारात उभं करत नाही. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा, जुने फेरफार काढा, सरकारी मोजणी करून खुणा रोवून घ्या, मगच कुंपण. जागेपर्यंतचा रस्ता नकाशावर आहे का तेही बघा. शेजारच्याने आज बांधावरून जाऊ दिलं म्हणजे कायमचा हक्क मिळाला असं नाही.

विहिरीचं, बोअरचं पाणी मे महिन्यात तपासा, श्रावणात तर सगळीकडेच पाणी असतं.

काळ्या मातीवर पाया थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खाली जा. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतीही भेगाळतात.

लाकडी खांब थेट जमिनीत गाडला की वाळवी लागलीच. खाली दगड किंवा काँक्रीट हवं.

पत्रा नुसता खिळ्यांवर ठोकू नका. रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारं मे-जूनचं वादळ तुमच्या छपरावरही येणार. हुक-बोल्ट लावा आणि खाली जाड छत घ्या, नाहीतर 45 अंशांत दुपारी आत बसवणार नाही.

फाल्गुन लागण्याआधी केबिनभोवतीचं वाळलं गवत कापून मोकळा पट्टा ठेवा. वणवा उतारावर वर चढत येतो आणि तेव्हा हाताशी एक टाकी पाणीही नसतं.