प्रवासवर्णन आणि प्रवासाची कविता: तुलना लिहिताना या चुका टाळा

एक गद्य प्रवासकथन आणि एक कविता समोर ठेवून तुलना करायला सांगितली की बहुतेक उत्तरं एकाच वळणाने जातात. दीड पान पुस्तकाचा सारांश, अर्धं पान कवितेचा भावार्थ आणि शेवटी 'दोन्हींतून घरची ओढ जाणवते' हे वाक्य. यात तुलना कुठेच होत नाही. नेमकं कुठे बिनसतं ते पाहण्यासाठी इथे दोन परिचित कृती घेतल्या आहेत: विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' आणि वि. दा. सावरकरांची 'सागरा प्राण तळमळला'.

सूत्र इतकं सैल की काहीही बसावं

'दोघांनाही मातृभूमीची ओढ आहे' हे सर्रास आढळणारं वाक्य. ते गोडसे भटजींना लागू पडत नाही. वरसई या आपल्या गावाहून ते निघाले ते घरची ओढाताण संपावी, मथुरेच्या यज्ञात चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून, काकांच्या सोबतीने. वाटेत १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांची ओढ आहे ती गावाकडे, आईवडिलांकडे. आई आणि भूमी एकच होणं हे कवितेत घडतं: 'प्रासाद इथे भव्य परी मज भारी / आईची झोपडी प्यारी'. पुस्तकावर ही कल्पना लादली की पुस्तक खोटं वाचलं जातं.

सूत्र निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य दोन्ही कृतींना लागू पडतं आणि त्याच वेळी त्यांच्यातला फरकही उघडा करतं का? या जोडीसाठी एक सूत्र पाणी हे धरता येतं. भटजी परतताना गंगेची कावड खांद्यावरून आणतात आणि आईवडिलांना गंगास्नान घडवतात. म्हणजे पाणी आईपर्यंत पोचतं, तेही पायी चालत आणलेलं. कवितेत पाणीच आईची वाट अडवून बसलं आहे. एवढ्या एका विरोधावर पाऊण उत्तर उभं राहतं.

कवितेला जबानी समजणं

सावरकर १९०६ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि ही कविता १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर झाली. ही माहिती दोन वाक्यांत आटपा. कवितेत ना ब्रायटनचं नाव आहे, ना बोटीचं, ना तारखेचं. तिथे घराबाहेर पडण्याचं कारण वेगळंच दिलं आहे: सागर म्हणाला, 'अन्य देशी चल जाऊ / सृष्टिची विविधता पाहू', आणि मुलाला परत आणण्याचं वचन त्याने आईला दिलं. चरित्रातलं कारण आणि कवितेतलं कारण यांत ही जी फट आहे, तिथेच लिहिण्यासारखं खूप आहे. चरित्र सांगत बसलं की ती बुजून जाते.

ती उघडण्याचा सोपा मार्ग म्हणजे क्रियापदं वेगळी काढणं. कागदावर दोन रकाने आखा, एकात क्रियापद, दुसऱ्यात त्याचा कर्ता. पहिल्या कडव्यात 'पाहिला होता', 'विश्वसलो', 'सोडिले' यांचा कर्ता मी. 'वदलासी', 'दिधले' यांचा सागर. 'वाहीन', 'आणीन' हे भविष्यकाळही सागराच्याच तोंडी आहेत. चौथ्या कडव्यात 'हससि', 'भंगिसी', 'फसवीसी' ही सगळी वर्तमानातली आणि सागराची. मग 'कथिल हे अगस्तिस आता रे' (अगस्ती म्हणजे एका आचमनात समुद्र पिऊन टाकणारे पुराणातले ऋषी). इथे हमखास घसरगुंडी होते: 'कवी सागराला अगस्तीची धमकी देतो' असं लिहिलं जातं. 'कथिल'ची कर्ती माता आहे. वरच्याच ओळीत 'अबला न माझिही माता रे' असं आहे. अडकलेला मुलगा आता काही करू शकत नाही, पुढची कृती आईच्या हाती गेली आहे. पहिल्या कडव्यात 'येईन त्वरे' म्हणणाऱ्या 'मी'चा भविष्यकाळ शेवटी उरत नाही, हे रकान्यात लख्ख दिसतं.

प्रवासकथनाला रोजनिशी समजणं

ही उलट बाजूची चूक. 'माझा प्रवास' प्रवासात लिहिलेलं नाही. घडल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, आठवून लिहिलेलं आहे. त्यामुळे 'लेखक त्या क्षणीच्या भावना टिपतो' हे विधान टिकत नाही. कोणता प्रसंग इतक्या वर्षांनीही तपशिलासकट उरला आहे, ते पाहा. काल्पीच्या वाटेवरची विहीर घ्या. झाशीहून निसटलेली राणी, पठाणी वेशात, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावं हे तिला पटत नाही, ती स्वतःच काढते. पाण्याचं सूत्र धरलं असेल तर हा प्रसंग सोडू नका.

इथे आवृत्तीचाही घोळ होतो, आणि तो महागात पडतो. १९०७ मध्ये वैद्यांनी छापलेल्या पुस्तकात त्यांनी मूळ मजकुरात बदल केले होते; मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. भटजींची वाक्यरचना, त्यांचा लहेजा यांवर लिहायचं असेल तर पोतदारांचीच प्रत घ्या, नाहीतर कौतुक भटजींचं आणि वाक्य वैद्यांचं असं होईल. कोणती प्रत वापरली ते पहिल्या परिच्छेदात नोंदवा.

आकाराचं गणित

एकीकडे अख्खं पुस्तक, दुसरीकडे चार कडवी. निम्मी-निम्मी जागा दिली की पुस्तकाचा सारांश होतो आणि कवितेला पाणी घालावं लागतं. पुस्तकातले दोन, फार तर तीन प्रसंग घ्या, कविता मात्र पूर्ण घ्या. आठशे शब्दांच्या उत्तरात कवितेच्या सहा-आठ ओळींपेक्षा जास्त उतरवू नका, आणि उतरवलेल्या प्रत्येक ओळीतल्या एखाद्या तरी शब्दावर बोला.

लिहून झाल्यावर परिच्छेद तपासा. लागोपाठ सहा-सात ओळींत एकाच कृतीचं नाव येत असेल तर तिथे दुसरी कृती आणायला हवी. 'तसेच', 'त्याचप्रमाणे' हे शब्द खोडून वाक्य वाचा. दोन वाक्यं सुटी पडली तर त्यांच्यात संबंध मुळात नव्हताच.

कविता पाठ असते ती बहुधा गाण्यामुळे. गाताना ओळी घोळवल्या जातात, त्यामुळे ध्रुवपद कुठे येतं याचा अंदाज चुकतो. छापील पाठात पाहा: प्रत्येक कडव्यात आधी लांब-आखूड ओळींच्या जोड्या, मग एकाच यमकाच्या तीन ओळी ('वचनी मी', 'बनुनी मी', 'उद्धरणी मी'), आणि त्यानंतरची ओळ 'तळमळला'शी यमक जुळवते. युक्तिवाद कितीही पुढे गेला तरी दर वेळी त्याच शब्दापाशी थांबतो. गद्यात भटजी मुक्काम मागे टाकत पुढे सरकतात, कवितेतला 'मी' जागचा हलत नाही. ओळी उतरवताना 'सोडिले'चं 'सोडले' किंवा 'दिधले'चं 'दिले' करू नका, मात्रा लगेच तुटतात.