एफ४० की ९५९? बघायला जाल तेव्हा नेमकं काय तपासायचं

फेरारी एफ४० आणि पोर्शे ९५९ या दोन जुन्या सुपरकार म्हटलं की सगळे आधी टॉप स्पीडवरच येतात, ताशी ३२४ किलोमीटर विरुद्ध ३१७, आणि तिथंच भांडत बसतात. घेणाऱ्याने तो आकडा सोडून द्यावा. पस्तीसेक वर्षांची गाडी घेताय, ती किती पळते यापेक्षा नुसती उभी राहून राहून कुठं कुठं खराब झालीय ते आधी बघा.

आधी एफ४०. १९८७ ते ९२ मध्ये १,३११ बनल्या, कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींच्या हयातीत आलेलं हे शेवटचं मॉडेल, त्यामुळे गिऱ्हाईक कायम असतं. गाडी उन्हात काढायला लावा आणि दरवाजावर तिरकी नजर टाका. कारखान्यात वजन वाचवायला रंग इतका पातळ मारलाय की खालची कार्बन-केवलारची (हलक्या, मजबूत धाग्यांच्या कापडाची) वीण चटईसारखी दिसते. एखाद्याच पॅनेलवर वीण दिसत नसेल, रंग एकदम आरशासारखा गुळगुळीत असेल तर तिथं नंतर काम झालंय, का झालं ते कळल्याशिवाय पुढचं बोलणंच करू नका. मग पेट्रोलच्या टाक्या. युरोपियन गाड्यांत रबरी पिशवीवाल्या, आयुष्य साधारण १० वर्षं, त्यामुळे बदलल्याची तारीख बिलावर पाहिजेच. "गाडी फार चाललेली नाहीये हो" हे ऐकून घेऊ नका, चालली नाही तरी रबर वाळतंच ना.

९५९ वेगळं प्रकरण. ग्राहकांना दिलेल्या रोड गाड्या तीनशेच्या आत, म्हणजे एफ४०पेक्षा कितीतरी दुर्मिळ, आणि पार्ट मिळवताना तेच नडतं. सगळ्यात आधी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन बघा, बटणाने उंची वरखाली करा, चारही कोपरे सारखे उचलतात का, आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवून सकाळी परत या, एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर खर्च मोठा आहे. मॅग्नेशियमची चाकं, त्यांचे आरे आतून पोकळ, त्यातूनच टायरचं प्रेशर मोजलं जातं (त्या काळात!), तर त्यांना चीर-ठोका काही आहे का बोट फिरवून बघा. चालवताना लक्ष टर्बोवर (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा भाग) ठेवा, खालच्या आरपीएमला एकच टर्बो काम करतो, वर गेल्यावर दुसरा जोडला जातो, ती जोडणी अडखळत असेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

चालवायला म्हणाल तर एफ४०ला एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, दार आतून दोरी ओढून उघडायचं. जीव लावावा अशीच गाडी आहे. पण पावसातही बाहेर काढायची असेल तर माझं मत ९५९, चारही चाकांना ताकद, लेदर सीट, आणि गिअरच्या नॉबवर पहिल्या गिअरच्या जागी १ नाही तर जी लिहिलेलं, गेलेंडेचा, म्हणजे कच्च्या वाटेचा.