आर्सेनिकच्या गावात राहताय? या चुका टाळा

आमच्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं बंगालमध्ये गावोगाव आहेत, मीही लग्न होऊन नदिया जिल्ह्यात आले. इथे जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष असतं, आणि नवीन आलेली आपली माणसं आर्सेनिकच्या बाबतीत त्याच त्याच चुका करताना दिसतात म्हणून लिहितेय.

पहिली चूक म्हणजे पाणी उकळलं की झालं असं समजणं. अहो, आर्सेनिक म्हणजे जंतू नाही. वाफ पाण्याची होते, ते भांड्यातच राहतं, उलट उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. नुसता यूव्हीवाला फिल्टर पण इथे उपयोगाचा नाही. रंग, वास, चव काही नसतं त्यामुळे ग्लास उजेडात धरून काही कळत नाही. आणि शेजारच्यांचा हापसा चांगला निघाला म्हणजे आपलाही चांगला असं धरू नका, खालचा गाळाचा थर जागोजागी बदलतो. तपासून घ्या, आणि नुसतं 'पास' ऐकून घरी येऊ नका, आकडा विचारा. आपल्याकडे मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, पलीकडे बांगलादेशात 50 पर्यंत चालतं.

पण सगळ्यात मोठी चूक मातीची. "आम्ही विकतचं पाणी पितो, शेताला काय कुठलंही चालतं", हे मी दर उन्हाळ्यात ऐकते. इथे उन्हाळी भाताला, बोरो म्हणतात त्याला, हंगामात साधारण मीटरभर पाणी लागतं आणि ते ट्यूबवेलचं. हिशोब करा ना, एकराला चाळीस लाख लिटर, लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम धरलं तर एका हंगामात 400 ग्रॅम आर्सेनिक शेतात! थोडं पावसाळ्यात पुराबरोबर जातं, बरंचसं वरच्या वीतभर मातीत साठत राहतं. एरवी ते मातीतल्या लोहाला चिकटून असतं, पण भातखाचरात पाणी तुंबलं की हवा संपते, लोह विरघळतं आणि आर्सेनिक सुटं होऊन मुळातून वर चढतं. भाताला सिलिका लागते ना, तिच्याच वाटेने ते आत शिरतं. पेंढ्यात दाण्यापेक्षा जास्त जातं, आणि तो पेंढा गुरांपुढे.

म्हणून कुकरमधला मोजून पाणी घातलेला भात इथे नको. तांदूळ धुवा, सहापट पाणी घाला, वेळून घ्या, आर्सेनिक साधारण निम्म्यावर येतं. माझ्या सासूबाई पूर्वीपासून असाच करतात. फक्त पाणी चांगलं हवं, खराब पाण्यात शिजवला तर भात उलट आर्सेनिक पितो. आणि ती पेज आवडते म्हणून पिऊ नका, गुरांनाही देऊ नका, निघालेलं सगळं त्यातच असतं.

फिल्टरचा गाळ बांधावर टाकणारेही बघितलेत, म्हणजे पाण्यातून काढलं आणि परत मातीत घातलं.

आता अंगावरचं. छातीवर-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायाला कडक दाणे. आमच्या शेजारच्या काकींनी हातात हात घेतला की तांदळाचे दाणे टोचल्यासारखं लागतं. लोक याला नायटा समजून मलम लावत बसतात, किंवा महारोग समजून लांब राहतात, मुलींची लग्नं मोडतात. हे संसर्गाचं नाहीच! कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहांनी 1983 मध्ये असे रुग्ण ओळखले तेव्हा कारण निघालं ते हापश्याचं पाणी, जे हगवण टाळायला म्हणून घरोघर आणलं होतं. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ठिपके दिसले की आधी पाणी बदला, मलम नंतर.

आणि रक्त नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, रक्तात ते फार वेळ टिकत नाही. डॉक्टरांना लघवीची तपासणी विचारा, जुनं कळायला केस-नखं. लघवी देण्याआधी तीन-चार दिवस समुद्राचे मासे नकोत, त्यातलं आर्सेनिक वेगळं आणि निरुपद्रवी असतं, पण रिपोर्टचा आकडा फुगवून ठेवतं.