खाली खांब न रोवता पर्गोला थेट घराला कसा जोडायचा

पुढे गाडी लावायची असते, मध्ये खांब आला की दार उघडत नाही, म्हणून बरेच जण विचारतात की पर्गोला (आडव्या पट्ट्यांच्या चौकटीचं छत) नुसता घरालाच जोडला तर चालेल का. चालतो, पण खांब काढला की त्याचं सगळं काम भिंतीतल्या मोजक्या बोल्टवर येतं, त्यामुळे डिझाइन, रंग, शीट हे सगळं नंतर, आधी बोल्ट कुठे जाणार ते ठरवा. हे सगळं आरसीसी फ्रेमच्या बंगल्यासाठी लिहितोय, कौलारू घराच्या वाशांना किंवा जांभ्याच्या भिंतीला हे असंच्या असं लावू नका.

बोल्ट जायला हवा बीममध्ये नाहीतर कॉलममध्ये. वीट नाही, एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा) तर अजिबात नाही, आणि गच्चीचा पॅरापेट म्हणजे कठडाही नाही कारण तो बहुतेक ठिकाणी नुसत्या विटांचाच असतो. छज्जा दिसायला मजबूत वाटतो पण तो स्वतःच अधांतरी असतो, फक्त स्वतःचं वजन आणि थोडं पाणी पेलेल एवढाच, त्याला काहीही लटकवू नका. घराचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग असेल तर ते काढा, नसेल तर जाणकाराकडून रीबार डिटेक्टर (काँक्रीटमधली सळई शोधणारं यंत्र) फिरवून घ्या, त्यात बीम कुठे आहे तेही कळतं आणि ड्रिल सळईवर जाणार नाही हेही बघता येतं.

गच्चीवरून वरच्या बाजूने बोल्ट मारायचा मोह होतो, तो टाळा. आपल्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो, चार-सहा इंच विटांचे तुकडे आणि मसाला, बोल्ट तेवढ्यातच अडकून बसतो, काँक्रीटला पोचतच नाही, वर वॉटरप्रूफिंग फुटून गळती लागते ती वेगळी. बाहेरून, बीमच्या उभ्या बाजूला फिक्स करायचं.

आता वजनाचा हिशोब, हा भाग घाईत वाचू नका. समजा पर्गोला 10 फूट लांब आणि 8 फूट बाहेर आहे, म्हणजे साधारण 7.4 चौरस मीटर. मेन फ्रेमला 100 बाय 50 बाय 3 एमएमची ट्यूब (मीटरला पावणेसात किलोच्या आसपास), मध्ये 50 बाय 25 ची, वर 10 एमएमची पोकळ पॉलीकार्बोनेट शीट, सगळं मिळून दीडशे किलो होतं. फॅब्रिकेटर एवढंच बघतो आणि म्हणतो काही होत नाही साहेब. पण आयएस 875 (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे पुण्या-नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद धरतात, मुंबई-नागपूरला 44. 39 चा दाब चौरस मीटरला 90 किलोच्या वर जातो, म्हणजे शीट टाकलेल्या या पर्गोल्याला वारा ढोबळमानाने सहा-सातशे किलोने वर उचलू शकतो. म्हणजे उडून जाण्याचा धोका पडण्याइतकाच आहे. शीट नसेल, नुसत्या पट्ट्या असतील तर हा जोर खूप कमी होतो, म्हणून शीट आज नाही पण पुढे टाकणार असाल तर ते आधीच सांगा.

म्हणूनच वरून नुसता पातळ टाय रॉड (वरच्या भिंतीतून फ्रेमला धरून ठेवणारी तिरकी सळई) दिला तर अर्धंच काम होतं. रॉड ओढ घेतो, पण वाऱ्याने फ्रेम वर ढकलली की तो वाकतो. त्याजागी पाइप द्या, तो ओढही घेतो आणि दाबही. वरच्या मजल्याचा कॉलम असेल तर त्यावरून पाइप खाली आणून फ्रेमच्या भिंतीपासून दोन तृतीयांशावर जोडा. पाइपचा आडव्या फ्रेमशी कोन 45 अंशाच्या जवळ ठेवा, 30 वर आणला की त्याच वजनाला पाइपमधली ओढ 45 च्या मानाने साधारण 1.4 पट होते. वर मजलाच नसेल तर खालच्या कॉलमवरून बाहेर जाणारा तिरका सपोर्ट द्या, फक्त डोक्याला लागणार नाही एवढी उंची बघा. हे सगळं एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याची फी पर्गोल्याच्या खर्चापुढे किरकोळ असते. सोसायटी असेल तर एनओसी, आणि वर शीट टाकणार असाल तर महापालिकेचं काय ते आर्किटेक्टला आधी विचारा.

बोल्ट बसवताना स्वतः उभे राहा. जिथे 10 एमएमची बेस प्लेट येणार तेवढा गिलावा फोडून काढा, कारण बाहेरचा गिलावा 20-25 एमएम असतो आणि बोल्टची खोली काँक्रीटपासून मोजायची असते, प्लास्टरपासून नाही. एम12 च्या (12 एमएम जाडीच्या) केमिकल अँकरला, म्हणजे होलमध्ये चिकट केमिकल भरून बसवायच्या बोल्टला, साधारण 14 एमएमचं होल, 110 एमएम खोल, पण पाकिटावर जे लिहिलंय तेच खरं. होल मारून झालं की आत पीठ भरलेलं असतं, ते फुंकून, तारेच्या ब्रशने घासून, परत फुंकून काढायचं. कारागीर हेच टाळतात आणि मग केमिकल काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं. रॉड फिरवत आत घाला, थोडं केमिकल बाहेर आलं पाहिजे, आणि पाकिटावरची वेळ पूर्ण होईपर्यंत नट आवळू नका. प्लेटमागची फट नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकल्यावर न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा.

शीटला फुटाला एक इंच उतार, यूव्हीची (उन्हापासून वाचवणारा थर असलेली) बाजू वर. पॉलीकार्बोनेट उन्हात वाढतं, तीन मीटरची शीट 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 8 एमएम, त्यामुळे स्क्रूचं होल मोठं ठेवा आणि स्क्रू करकचून आवळू नका. भिंतीशी जोड येतो तिथे प्लास्टरमध्ये खाच पाडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आत घाला, वर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट. नुसतं सिलिकॉन फासून काम संपवू देऊ नका.

ट्यूबची तोंडं वेल्डने बंद करा, वेल्ड घासून झिंक प्राइमर मारा, कोकणात असाल तर सरळ गॅल्वनाइज्ड घ्या. आणि दर मे महिन्यात वळीव यायच्या आत शिडी लावून नट आणि सीलंट बघा, बेस प्लेटखाली गंजाचा तांबडा ओघळ दिसला तर त्यावर रंग मारू नका, आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा.