सहकारी बँकेची कार्यक्षमता अहवालातून कशी मोजायची

वार्षिक अहवाल हातात आला की सभासद आधी लाभांश किती ते बघतात. पण बँक काटकसरीने चालते की नाही, हे लाभांश सांगत नाही आणि संस्थेचं वयही सांगत नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांत तिचं नाव घेतलं जातं, आणि शंभरी ओलांडल्यावर तिच्याच बँकेचा परवाना गेला. म्हणून सभेपूर्वी तासभर काढून ही आकडेमोड कराच. लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं समोर ठेवा. रकमा हजारांत आहेत, लाखांत की कोटींत, ते आधी बघून घ्या.

पहिला आकडा खर्च-उत्पन्न गुणोत्तराचा. व्याजाच्या उत्पन्नातून दिलेलं व्याज वजा करा, त्यात इतर उत्पन्न मिळवा, आणि चालू खर्चाला या बेरजेने भागा. पगार, भाडं, वीज, संगणक, घसारा हे सगळं चालू खर्चात येतं. बुडीत कर्जांची तरतूद आणि आयकर येत नाही. व्यापारी बँकेच्या अहवालात हे चार आकडे परिशिष्ट १३ ते १६ मध्ये सुटे मिळतात. सहकारी बँकेच्या पत्रकात मात्र तरतुदी खर्चाच्याच बाजूला बसलेल्या असतात. त्या बाजूची सरसकट बेरीज घेतली की उत्तर चुकलंच.

समजा, मिळालेलं व्याज ४२ कोटी, दिलेलं २६ कोटी, इतर उत्पन्न ४ कोटी आणि चालू खर्च १३ कोटी आहे. १३ भागिले २०, म्हणजे ६५ टक्के. आता इतर उत्पन्न फोडून बघा. त्यातले दीड कोटी सरकारी रोखे विकून आले असतील, तर तो त्या वर्षापुरता नफा. तो काढला की तीच बँक ७०.३ टक्क्यांवर जाते. आमच्या मते हाच आकडा धरावा, कारण व्याजदर खाली आले की रोखे विकून कोणतीही बँक एखादं वर्ष देखणं करू शकते.

दुसरा आकडा: चालू खर्च भागिले सरासरी मालमत्ता. सुरुवातीची ५०० कोटी आणि अखेरची ५४० कोटी असेल तर सरासरी ५२०, आणि उत्तर अडीच टक्के. फक्त ३१ मार्चचा आकडा घेऊ नका; वर्षअखेरीला ठेवी फुगतात. एनपीए, म्हणजे हप्ते-व्याज थकलेल्या कर्ज खात्यांवरचं येणं व्याज ताळेबंदात दोन्ही बाजूंना दिसतं: एकीकडे येणं, दुसरीकडे थकीत व्याजाची तरतूद. ही रक्कम मालमत्तेतून वजा करा, नाहीतर ज्या बँकेची थकबाकी जास्त, तीच कमी खर्चाची दिसेल.

दरडोई व्यवसाय, म्हणजे ठेवी अधिक कर्जं भागिले कर्मचारी, हा अहवालात सर्वांत ठळक छापला जातो आणि सर्वांत जास्त फसवतो. पहारेकरी, शिपाई, डेटा एंट्रीची मुलं ठेकेदाराकडून घेतली की पटावरची माणसं कमी होतात. खर्च होतोच, फक्त दुसऱ्या ओळीत जातो. दैनिक बचतीच्या एजंटांचं कमिशनही असंच कुठेतरी दडलेलं असतं. ते शोधून चालू खर्चात धरा.

याच्या शेजारी निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं, लिहा. कर्जाची छाननी आणि वसुली यांवर खर्चच केला नाही तर पहिले दोन आकडे छान येतात, आणि बिल दोन-तीन वर्षांनी तरतुदींत येतं.

तुलना बरोबरीच्या बँकेशीच करा. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांचे चार स्तर केले आहेत. ठेवींनुसार पाहिलं तर १०० कोटींपर्यंत पहिला, १,००० कोटींपर्यंत दुसरा, १०,००० कोटींपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. दुसऱ्या स्तरातल्या बँकेला बँक ऑफ बडोदाच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही.

संचालकांना एकाच बँकेच्या शाखा आपसांत ताडून पाहायच्या असतील, तर डेटा एन्व्हेलपमेंट अ‍ॅनालिसिस वापरा, म्हणजे प्रत्येक शाखेची साधनं आणि काम एकदम धरून तिला सर्वांत चांगल्या शाखांशी ताडणारं गणित. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ते १९७८ साली मांडलं. शाखेत जाणाऱ्या गोष्टी दोन: माणसं आणि चालू खर्च. बाहेर पडणाऱ्या तीन: ठेवी, नियमित फेडीची कर्जं आणि शुल्काचं उत्पन्न. एकूण पाच घटक, म्हणून किमान पंधरा शाखा हव्यात. कमी असल्या तर जवळजवळ सगळ्याच पूर्ण गुण मिळवतात. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा. प्रत्येक शाखेचा भार शून्य किंवा जास्त असू द्या, तो सॉल्व्हरच ठरवतो. शाखांचे आकडे आपापल्या भाराने गुणून केलेली बेरीज म्हणजे भारित आकडा, आणि तपासायच्या शाखेची किती पट साधनं पुरली असती, तो गुणांक. भारित माणसं आणि भारित खर्च तपासायच्या शाखेच्या आकड्यांच्या गुणांकपटीहून जास्त नकोत, भारित ठेवी, कर्जं आणि शुल्क तिच्याहून कमी नकोत. या अटींत गुणांक लहानात लहान करा. हे प्रत्येक शाखेसाठी वेगळं चालवावं लागतं. ०.८ आलं, तर तेवढंच काम ८० टक्के साधनांत व्हायला हवं होतं. तोट्यातली शाखा असेल तर नफा हा घटक घेऊ नका, ऋण आकडा या गणितात चालत नाही.

बडोद्यातल्या मांडवीची जुनी शाखा आणि गोत्रीची नवी शाखा एकाच पट्टीने मोजताना भारांची एकूण बेरीज एक ठेवण्याची अट घालून पुन्हा चालवा. आधीचा गुणांक भागिले हा नवा गुणांक, म्हणजे आकारामुळे होणारा परिणाम. आणि मागे पडलेल्या शाखेच्या उत्तरात ज्या शाखांना शून्याहून जास्त भार मिळाला, त्यांच्याच व्यवस्थापकांकडे आधी जाऊन बसा.